आमच्या घरचा परवलीचा शब्द

कुलूप लावण्यास क्षणभर पुरतो. किल्ली सांभाळण्यास मात्र जन्म जातो, असें आमचे आजोबा म्हणत असत. त्यांच्या काळीं तिजोरीची किल्ली करगोट्याला बांधलेली असे आणि कोठीच्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला. किल्ली हरवलीच तर ती अंगणांत, विहिरीच्या कांठीं किंवा फार तर गोठ्यांत सांपडे. आजच्या घराला मात्र अशीहि एक किल्ली असते कीं, जिला लोखंड नाहीं, पितळ नाहीं, वजन नाहीं. ती केवळ कांहीं अक्षरांची असते आणि तिला ठेवण्याची जागा म्हणजे माणसाची स्मरणशक्ति. ती हरवली म्हणजे कंदील घेऊन कोठें शोधावयाचें? २०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ही अडचण आमच्यावर ओढवली. तिची हकीकत आपल्या शाळेच्या वार्षिकांत द्यावी असें मनांत आलें. कारण तींत आमची फजिती असली तरी विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असें थोडें ज्ञानहि आहे, आणि शेवटीं एक कबुलीहि आहे.

आमचें घर रत्नागिरीस आहे. घर जुनें, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचें. पुढें पडवी, मग ओटी, मग माजघर. २०२० च्या जून महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद होत्या व मुलांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरूं लागले होते. तेव्हां आम्हीं घरीं वायफाय घेतलें. खांबावरून आलेली कांचेच्या तंतूची एक बारीक तार ओटीवरील राउटर नांवाच्या पेटीपर्यंत येते आणि तेथें तारेचें राज्य संपून बिनतारी लहरींचें राज्य सुरू होतें. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अदृश्य विद्युत्-लहरी भिंतींपलीकडे धाडून घंटा वाजवून दाखविली होती. त्याच जातीच्या ह्या लहरी. परंतु जांभ्याची जाड भिंत त्यांनाहि जड जाते. त्यामुळें आमच्या माजघरांत त्या लंगडत पोंचतात आणि ओटीच्या उघड्या दारांतून पडवीवर व अंगणाच्या गडग्यापर्यंत मात्र सुखानें जातात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें कारण पडणार आहे.

त्या वर्षीं पावसानें मोठी घाई केली. एरवीं जूनमध्यें येणारा पाऊस मे महिन्याच्या २५ तारखेसच कोंकणांत दाखल झाला. त्या गडबडींत आमच्या मातोश्रींचा मोबाइल पाण्यानें भरलेल्या बादलींत पडला तो कायमचाच. आमची ज्येष्ठ कन्या नोकरीनिमित्त बंगळूरास असते आणि दर रविवारीं ती आजीशीं पडद्यावर समोरासमोर बोलते. आमचें आवार खोलगट असल्यामुळें मोबाइलची लहर तेथें नीट येत नाहीं. वायफायवांचून नातीचें मुखदर्शन नाहीं. म्हणून आम्ही बुधवारीं तांतडीनें नवा फोन घेऊन आलों. त्या नव्या फोननें आपल्या घरच्या वायफायचें नांव बरोबर ओळखलें आणि लगेच पहिला प्रश्न केला: परवलीचा शब्द कोणता?

आम्हीं कुटुंबाकडे पाहिलें. कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें. चिरंजीव सुटीनिमित्त मिरजेस मामांकडे गेलेले. पांच वर्षें जो शब्द घरांत रात्रंदिवस राबत होता तो घरांतल्या एकालाहि आठवेना! विचार करतां उमगलें कीं, यांत नवल कांहींच नाहीं. शब्द एकदां फोनमध्यें घातला कीं फोन तो जपून ठेवतो व पुढें आपल्याला कधींच विचारीत नाहीं. यंत्रांनीं तो लक्षांत ठेवला म्हणूनच माणसें तो विसरलीं.

मग अंदाज बांधण्यास सुरुवात झाली. लग्नाची तारीख घालून पाहिली; घराचा क्रमांक घालून पाहिला; कुलदैवताचें नांव घातलें, तें कधीं इंग्रजी मोठ्या लिपींत तर कधीं लहान; कारण ह्या पहारेकऱ्याला मोठें अक्षर व लहान अक्षर हीं दोन निराळीं अक्षरें वाटतात. प्रत्येक वेळीं तेंच उत्तर: शब्द चुकीचा आहे. अलीबाबाच्या गोष्टींतील त्याचा भाऊ कासीम गुहेंत अडकून, एक तीळ तेवढा विसरून, बाकीच्या सर्व धान्यांचीं नांवें घेत बसला होता. लहानपणीं ती गोष्ट वाचतांना आम्हीं त्याला खुशाल हंसलों होतों. त्या बुधवारच्या रात्रीं कासीमविषयीं आम्हांला प्रथमच सहानुभूति वाटली.

गुरुवारीं सकाळीं पडवीवर आलों तों पायरीवर शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन बसलेला. हा आपल्याच शाळेचा विद्यार्थी. वडील मच्छीमारी बोटीवर खलाशी, आई काजूच्या कारखान्यांत कामाला. पंधराच दिवसांपूर्वीं दहावीच्या निकालाचे पेढे त्यानें आमच्या हातावर ठेवले होते. एरवीं तो गडग्यावर बसत असे. पावसामुळें त्या दिवशीं पायरीवर आला होता. त्याच्या पडद्यावर पानामागून पान भराभर उघडत होतें. आमच्या मनांत वीज चमकली. ज्या आवारांत मोबाइलची लहर येत नाहीं, तेथें ह्याचीं पानें उघडतात कशीं? म्हणजे आमच्या घरची किल्ली, जी आमच्यापाशीं नाहीं, ती ह्याच्यापाशीं आहे!

वाचकहो, माणसाची स्वतःची वस्तु हरवली कीं पहिल्यानें त्याचा विवेक हरवतो. आम्हीं असा विचार केला कीं, ह्या मुलानें शब्द चोरला, आणि चोरलाच आहे तर कदाचित् बदललाहि असेल. म्हणूनच आमचे अंदाज फसले. वास्तविक शब्द बदलला असता तर घरांतलीं जुनीं यंत्रें लगेच बंद पडलीं असतीं. आणि तीं तर चालू होतीं. पण संशयाला एवढा हिशेब कोठून सुचणार? आम्हीं त्याला विचारलें, "आमच्या घरचा पासवर्ड तुझ्याकडे कसा आला?" तो उठून उभा राहिला, पण बोलला नाहीं. "दुसऱ्याच्या घरांत न विचारतां शिरणाराला काय म्हणतात, तें तुला शाळेंत शिकविलें असेलच," असें आम्ही म्हणालों. त्यानें एकदां ओटीच्या दाराकडे पाहिलें, मान खालीं घातली आणि पावसांतच तो निघून गेला. शुक्रवारीं तो आला नाहीं. शनिवारींहि आला नाहीं. त्याच्या मौनाचा अर्थ आम्हीं आम्हांला सोयीचा तोच लावला.

इकडे आमचे प्रयोग चालूच होते. राउटर उलटा करून पाहिला. त्याच्या तळाला एक चिकटपट्टी असते व तीवर कारखान्यानें दिलेलें नांव व मूळचा शब्द छापलेला असतो. पुष्कळ घरीं तोच शब्द शेवटपर्यंत चालतो आणि असल्या लोकांचें काम येथेंच भागतें. आमच्या घरीं तो पहिल्याच दिवशीं बदललेला असल्यामुळें पट्टी निरुपयोगी ठरली. राउटरचें स्वतःचें एक पान असतें. घरच्या संगणकावर १९२.१६८.१.१ किंवा तशाच एखाद्या आंकड्याच्या पत्त्यावर तें उघडतें व तेथें सर्व व्यवस्था पाहतां व बदलतां येते. तें पान उघडलें खरें. पण त्याच्याहि दारावर दुसरा पहारेकरी व दुसरा शब्द! तोहि आम्हांला ठाऊक नव्हता.

शेवटीं कुटुंबानें पेटीच्या पाठीमागचें एक बारीक भोंक दाखविलें. त्यांत टांचणी घालून आंतलें बटण कांहीं सेकंद दाबून धरलें म्हणजे राउटर आपला सर्व पूर्वेतिहास विसरून, कारखान्यांतून आला त्या दिवसासारखा कोरा होतो. मग पट्टीवरचा शब्द पुन्हां चालूं लागतो. टांचणी हातांत घेतली होती. पण त्याच वेळीं बिल भरण्याच्या कार्यालयांतील ओळखीच्या गृहस्थांनीं फोनवरून सावध केलें. आमच्या राउटरांत सेवा देणाऱ्या कंपनीचें खातें व त्याचा निराळा परवलीचा शब्दहि भरून ठेवलेला होता. पेटी कोरी केली तर तोहि जाणार, आणि मग माणूस येऊन तो पुन्हां घालीपर्यंत वायफाय असून नसल्यासारखें. त्या पावसांत माणूस केव्हां येईल याचा भरंवसा नव्हता. टांचणी आम्हीं मुकाट्यानें जागेवर ठेवली. हा उपाय शेवटचा आहे आणि कंपनीकडून खात्याची माहिती हातीं घेतल्यावांचून तो करूं नये, हें पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

रविवार उजाडला. नातीच्या फोनची वेळ जवळ येऊं लागली. आतां चिरंजीवांना विचारणें एवढाच मार्ग उरला. मुलाला विचारणें हा पित्याचा पराभव, ह्या समजुतीनें चार दिवस तो मार्ग आम्हीं टाळला होता. चिरंजीवांनीं मिरजेहून सर्व हकीकत ऐकली आणि शांतपणें विचारलें, "बाबा, माजघरांतला संगणक चालतो आहे ना? मग तोच सांगेल."

येथें थोडें शास्त्र सांगणें जरूर आहे. वायफायचें मूळ प्रमाण १९९७ सालीं ठरलें. त्याबरोबर आलेली पहिली कुलुपाची पद्धति, जिला डब्ल्यूईपी म्हणत, ती कच्ची असल्याचें २००१ सालीं उघडकीस आलें. पुढें २००३ सालीं डब्ल्यूपीए, २००४ सालीं डब्ल्यूपीए-२ व २०१८ सालीं डब्ल्यूपीए-३ अशीं अधिकाधिक पक्कीं कुलुपें आलीं. घरोघरीं फार करून दिसणाऱ्या डब्ल्यूपीए-२ मध्यें परवलीचा शब्द आठांहून कमी व त्रेसष्टांहून अधिक अक्षरांचा चालत नाहीं. विशेष हें कीं, फोन तो शब्द हवेंतून राउटरकडे कधींच धाडीत नाहीं. दोघेहि त्या शब्दावरून आपापल्या जागीं एक गणित करतात व गणिताच्या उत्तरांवरून परस्परांना ओळखतात. म्हणून हवेंत कान देऊन शब्द ऐकूं येत नाहीं. परंतु हें गणित पुन्हां पुन्हां करावें लागत असल्यामुळें, ज्या यंत्राला एकदां शब्द दिला त्याला तो आपल्यापाशीं सांठवून ठेवावाच लागतो. आणि जें यंत्रानें सांठविलें आहे तें यंत्राचा मालक पाहूं शकतो.

चिरंजीव सांगत गेले व आम्ही तसतसें करीत गेलों. विंडोज संगणकाच्या व्यवस्थापनांत शिरून चालू वायफायच्या नांवावर गेलों, त्याचे गुणधर्म उघडले, त्यांतील सुरक्षेचें पान काढलें. तेथें एका ओळींत नुसते काळे ठिपके होते आणि खालीं 'अक्षरें दाखवा' अशा अर्थाचा एक लहानसा चौकोन. त्यांत खूण केली मात्र, ठिपक्यांचीं अक्षरें झालीं. अँड्रॉइड फोनांत २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून व आयफोनांत २०२२ सालच्या सोळाव्या आवृत्तीपासून अशीच सोय आहे. पैकीं अँड्रॉइडमध्यें चौकोनी ठिपक्यांचें एक चित्र निघतें व तें दुसऱ्या फोनला दाखविलें कीं शब्द न टिपतांच काम होतें. आमच्या घरचे फोन त्याहून जुने, म्हणून संगणकाला शरण जावें लागलें.

पडद्यावरचीं अक्षरें आम्हीं वाचलीं आणि वाचतच राहिलों. तीं दोन नांवें होतीं. पहिलें आमच्या चिरंजीवांचें. दुसरें शेजारच्या त्या मुलाचें.

मातोश्री माजघराच्या उंबऱ्यापाशीं फणसाच्या आठळ्या सोलीत बसल्या होत्या. आम्हीं त्यांना विचारलें, "आई, हें कोणीं ठेवलें?" त्या हातांतलें काम न थांबवितां म्हणाल्या, "मीच कीं. पेटी लावायला माणूस आला, तेव्हां तूं म्हणालास, 'मला वेळ नाहीं, आईला विचारा.' तो म्हणाला, आजी, एक नांव सांगा. मीं नातवाचं सांगितलं. तो म्हणाला, हें आंखूड पडतं, आठ अक्षरं तरी हवींत. दोघं पोरं इथंच ओटीवर रायवळ आंबे चोखीत बसलीं होतीं. म्हटलं, मग ह्या दुसऱ्याचंहि जोड." क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, "ह्याच्यासाठीं का चार दिवस घर डोक्यावर घेतलंस? मला विचारायचं होतंस!"

आम्हांला उत्तर सुचेना. चार दिवसांत आम्हीं पेटीला विचारलें, पट्टीला विचारलें, संगणकाला विचारलें. एका मुलाला तर अपराध्यासारखें विचारलें. ज्या माउलीसाठीं हा सारा खटाटोप चालला होता, तिला मात्र विचारलें नाहीं. ह्या वयांत तिला त्यांतलें काय समजणार, असें आम्हीं न बोलतां ठरवून टाकलें होतें.

"आणि त्या मुलाला हा शब्द तूंच सांगितलास?" आम्हीं विचारलें.

"त्याचंच नांव त्याला कशाला सांगायला हवं? पण हो, सांगितला. सहावींत होता. शाळा मोबाइलवर भरायची आणि घरीं दाणा नाहीं तिथं मोबाइलचे पैसे कुठले? म्हटलं, गडग्यावर बस आणि शीक. पांच वर्षं तिथंच बसून शिकला तो."

आम्हीं छत्री घेतली. शेजारचें घर वीस पावलांवर. पण तीं वीस पावलें आम्हांला त्या दिवशीं फार लांब वाटलीं. मुलगा दारांतच उभा होता. त्याची आई लगबगीनें "या, भाऊ" म्हणून पुढें आली. तिला कांहींच ठाऊक नव्हतें, कारण त्यानें घरीं अवाक्षरहि काढलें नव्हतें. तिच्यासमोर आम्हीं घडलें तें सांगितलें आणि त्या मुलाला म्हणालों, "चूक आमची झाली. तुझ्यावर नको तो आळ घेतला. आम्हांला क्षमा कर." आपल्याहून लहानाची क्षमा मागण्याचा आम्हांला सराव नव्हता, शब्द अडखळतच बाहेर पडले. मग आम्हीं विचारलें, "तूं त्या वेळीं बोललास कां नाहींस?"

तो म्हणाला, "काका, आजीनं सांगितलं म्हटलं असतं, तर तुम्ही आजीला बोललां असतां."

पंधरा वर्षांच्या मुलानें आमच्या मातोश्रींचा मान राखण्यासाठीं चोरीचा आळ मुकाट्यानें सोसला होता. एवढ्यावरच तें थांबलें नव्हतें. त्या वर्षीं अकरावीचे प्रवेश प्रथमच सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन पद्धतीनें व्हावयाचे होते. गुरुवारीं तो आमच्या पायरीवर बसून तोच अर्ज भरीत होता, आणि आम्हीं त्याला हांकलल्यामुळें तो अर्धाच राहिला होता. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. आणखी चार दिवस आम्ही आमच्या संशयांत गर्क राहिलों असतों तर एका होतकरू मुलाच्या मार्गांत आम्हीं केवढा धोंडा टाकला असता, ह्या विचारानें आजहि आमच्या अंगावर कांटा उभा राहतो.

त्याच दुपारीं तो आमच्या ओटीवर, पायरीवर नव्हे, ओटीवर बसला. मातोश्रींचा नवा फोन त्यानें सुरू करून दिला. नातीचें दर्शन वेळेवर झालें. मग आम्हीं दोघांनीं मिळून त्याचा अर्ज पुरा केला. पुढें त्याला शास्त्रशाखेंत प्रवेश मिळाला, हें सांगण्यास आनंद वाटतो.

जुना शब्द मात्र बदलावा लागला. माणसांचीं नांवें ममतेचीं असलीं तरी कुलुपाला तीं कच्चीं. नांवें व कोशांतले शब्द ओळीनें लावून पाहणारीं यंत्रें लुच्च्या लोकांपाशीं असतात. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडून लांबलचक ओळ करावी. ती लक्षांत राहते आणि परक्याला सुचत नाहीं. अशी ओळ आमच्या सांगण्यावरून त्या मुलानेंच तयार केली. राउटरचें पान उघडण्याचा शब्द कंपनीकडून मिळाल्यावर त्यानें पाहुण्यांसाठीं एक निराळें वायफायहि सुरू करून दिलें. त्यायोगें शेजारपाजारच्या मुलांना अभ्यासाची सोय होते आणि आपलीं खासगी यंत्रें त्यांच्यापासून अलग राहतात.

विद्यार्थी मित्रहो, वर सांगितलेले उपाय आपल्या स्वतःच्या घरापुरतेच आहेत. दुसऱ्याच्या जाळ्यांत त्याच्या परवानगीवांचून अप्रामाणिक हेतूनें शिरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तें सभ्यपणाचें झालें नसतें. पालकांस एवढेंच विनवावयाचें कीं, परवलीचा शब्द कागदावर लिहून घरांत एके ठिकाणीं ठेवावा. चोर कागदासाठीं घर फोडीत नाहीं. विसर मात्र रोज फोडतो. आणि वस्तु हरवली असतां कोणावर बोट दाखविण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील माणसाला एकदां विचारावें.

आमचा कागद मातोश्रींनीं तांदळाच्या डब्यांत ठेवला आहे. तो ठेवतांना त्यांनीं आम्हांला विचारलें, "आतां पुन्हां विसरलास तर काय करशील?"

"आधीं तुला विचारीन," आम्ही म्हणालों.